भविष्यातली लष्करी रायफल कागदावर कशी उभी करावी

विज्ञानकथा लिहिणारे, कॉमिक्स काढणारे आणि गेमसाठी आराखडे करणारे नवे लोक बहुतेक वेळा आधी रायफलचं चित्र काढतात आणि ती चालते कशी हा विचार नंतर करतात. चित्र देखणं होतं. कोनदार पत्रे, निळे दिवे, दोन-तीन नळ्या. पण कथेतला सैनिक तिला हात लावतो आणि पेन अडतं. ही भरायची कुठून? अडकली तर काय करायचं? खांद्याला लावली तर बरगडीत कुठे टोचते? या लेखात आपण उलट्या वाटेनं जाऊ. चित्र सगळ्यात शेवटी येईल.

खरी बंदूक बनवण्याशी या लेखाचा संबंध नाही. कागदावरची किंवा पडद्यावरची रायफल वाचकाला पटावी, एवढाच हेतू आहे. त्यासाठी माझं एकच सांगणं आहे. प्रत्येक खऱ्या रायफलनं काहीतरी मिळवण्यासाठी काहीतरी सोडलेलं असतं. तुमच्या रायफलनं काय सोडलंय ते आधी ठरवा, म्हणजे तिचा आकार, आवाज, वजन आणि नाव त्यातूनच निघतं.

पायरी १: आधी सैनिक, मग जागा

अर्ध्या पानावर पाच गोष्टी लिहा. शस्त्र कोणाच्या हातात आहे, कुठे आहे, समोरचा किती अंतरावर असतो, पुढची रसद किती दिवसांनी येते आणि हातात मोजे आहेत का. शेवटचा प्रश्न किरकोळ वाटेल, पण माझ्या मते पाचांत तोच सगळ्यात उपयोगाचा आहे.

या लेखापुरतं एक उदाहरण घेऊ. साल २०७५. मराठा लाइट इन्फंट्रीचा एक जवान, लडाखच्या बाजूला ५,४०० मीटर उंचीवरची चौकी. रसद हवामान उघडेल तेव्हाच येते. समोरचा कधी आठशे मीटरवर, कधी खंदकाच्या वळणावर अगदी पुढ्यात.

एवढं लिहिलं की जागा स्वतःच अटी घालू लागते. सियाचीनच्या पट्ट्यात पारा उणे ५०च्या आसपास जातो. अशा थंडीत उघड्या बोटांनी धातूला हात लावला तर कातडी चिकटते, म्हणून हातात दुहेरी मोजे. म्हणून ट्रिगरभोवतालची कडी मोठी हवी, सेफ्टीची कळ अंगठ्यानं चाचपता येईल एवढी जाड हवी, आणि गाल टेकतो तिथे धातू नको. तेल घट्ट होतं, म्हणून सरकणारे भाग कमी हवेत. बाहेरून आणलेली थंडगार रायफल उबदार तंबूत नेली की तिच्यावर दव धरतं, बाहेर नेल्यावर त्याच पाण्याचा आत बर्फ होतो आणि यंत्रणा जाम होते. अतिथंड भागात शस्त्र तंबूबाहेरच ठेवण्याची पद्धत त्यातूनच आली. तुमच्या कथेत तंबूच्या दाराशी रायफलींसाठी आडोसा केलेली एक फळी दिसली, तर जाणकार वाचक तिथेच तुमच्यावर विश्वास टाकेल.

उंचीचा आणखी एक परिणाम नवख्यांच्या ध्यानात येत नाही. ५,४०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. हवा विरळ, म्हणून गोळीला होणारा विरोध कमी, म्हणून ती जास्त सपाट जाते. मैदानात नेम बसवून आणलेली दुर्बीण इथे गोळी वर मारते. २०७५ची दुर्बीण हा फरक स्वतः मोजेल. पण तिची बॅटरी संपली तर जवानाला तो डोक्यात ठेवावा लागेल, आणि तिथे तुम्हाला एक प्रसंग मिळतो.

जागा अंतराळात असेल तर गणित वेगळं. काडतुसातल्या दारूत स्वतःचा ऑक्सिजन देणारा घटक असतो, त्यामुळे निर्वातातही बार उडतो. अडचण धक्क्याची. आजच्या ५.५६ मिमी काडतुसाचा धक्का शिरस्त्राण-पोशाखासह १५० किलोच्या माणसाला गोळीमागे सेकंदाला सुमारे चार सेंटिमीटर मागे ढकलेल. तीस गोळ्या झाडल्या तर तो माणूस चालण्याच्या वेगानं मागे निघालेला असेल, वर खांद्यावरच्या धक्क्यामुळे गरगरतही असेल. सोव्हिएत संघानं १९७४ साली सोडलेल्या साल्यूत-३ या स्थानकावर खरोखरच तोफ बसवली होती आणि नेम धरायला अख्खं स्थानक वळवावं लागायचं. अंतराळातली रायफल काढणार असाल तर धक्का कमी करणारे झरोके किंवा पोशाखाचे छोटे रॉकेट यांच्याशी तिचं नातं आधी ठरवा.

पायरी २: बदल एकच, पण किंमत पुरती

इथे घाई करू नका. भविष्यातली म्हणून लोक एकाच रायफलमध्ये लेसर, विद्युतचुंबक, स्वतः वळणाऱ्या गोळ्या आणि बोलणारा संगणक कोंबतात. एक मोठा बदल निवडा आणि बाकी सगळं ओळखीचं ठेवा. माणसानं या वाटांवर प्रत्यक्ष चालून पाहिलंय, त्यामुळे किंमत किती ते शोधायला फार लांब जावं लागत नाही.

पहिली वाट पुंगळी (काडतुसाचं पितळी कवच) नसलेल्या काडतुसांची. जर्मनीच्या हेक्लर अँड कोख कंपनीनं जी-११ ही रायफल याच कल्पनेवर बनवली. दारूच्या चौकोनी ठोकळ्यातच गोळी बसवलेली, पितळ नाही, मॅगझिन नळीच्या वर आडवं. सलग तीन गोळ्या इतक्या झपाट्यानं सुटायच्या की धक्का खांद्याला जाणवेपर्यंत तिन्ही निघून गेलेल्या असायच्या. अडचण उष्णतेची. पितळी पुंगळी बाहेर फेकली जाते तेव्हा ती चेंबरमधली, म्हणजे काडतूस फुटतं त्या पोकळीतली, बरीच उष्णता सोबत घेऊन जाते. पुंगळीच नाही म्हटल्यावर ती उष्णता आतच राहते, आणि तापलेल्या चेंबरमध्ये ठोकळा आपोआप पेट घेऊ शकतो. त्यासाठी जास्त तापमान सोसणारी वेगळी दारू शोधावी लागली. रायफल तयार होत आली तोवर १९९० साली जर्मनीचं एकीकरण झालं, शीतयुद्ध ओसरलं आणि प्रकल्प गुंडाळला गेला. पुढे जर्मन सैन्यानं जी-३६ ही साध्या काडतुसांची रायफल घेतली.

या वाटेत कथाकारासाठी फार मोठा ठेवा आहे. आपल्याकडे सरावानंतर रिकाम्या पुंगळ्या गोळा करून, मोजून परत कराव्या लागतात. पुंगळीच नसेल तर हिशेब कसा लागणार? शस्त्रागाराचा हवालदार कशावर सही घेणार? गुन्हा घडला तर पंचनाम्यात काय लिहिणार, कारण घटनास्थळी सापडलेली पुंगळी हा तर तपासाचा पहिला धागा. पुंगळी नाही एवढ्या एका गोष्टीवर पूर्ण रहस्यकथा उभी राहते.

दुसरी वाट विद्युतचुंबकाची, म्हणजे तारेच्या वेटोळ्यांनी किंवा विद्युतवाहक रुळांनी गोळी ढकलणारी रायफल. इथे पाच मिनिटं वही घेऊन बसा. चार ग्रॅमची गोळी सेकंदाला ९०० मीटर वेगानं जाते तेव्हा तिच्यात सुमारे १,६२० ज्यूल ऊर्जा असते. तीस गोळ्यांची मिळून ४८,६०० ज्यूल. ५,००० मिलिअँपिअर-तासांच्या मोबाइलच्या बॅटरीत साधारण ६९,००० ज्यूल मावतात. म्हणजे कागदोपत्री फोनची बॅटरी एक मॅगझिन सहज चालवेल. बहुतेक लोक इथेच थांबतात आणि फसतात.

खरी अडचण वेळेची. अर्ध्या मीटरपेक्षा थोड्या कमी लांबीच्या नळीतून गोळी बाहेर पडायला साधारण एक मिलिसेकंद लागतो. तेवढ्यात १,६२० ज्यूल द्यायचे म्हणजे सोळाशे किलोवॅट, दोन किलोवॅटचे आठशे गिझर एकदम लावल्यासारखं. बॅटरी हे करू शकत नाही. मध्ये कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून ती एका झटक्यात सोडणारा भाग, लागतो, आणि आजच्या कपॅसिटरमध्ये ग्रॅममागे काही ज्यूलच मावतात. आता धरा की यंत्रणेची कार्यक्षमता २० टक्के आहे. म्हणजे गोळीमागे ८,१०० ज्यूल साठवायचे. कपॅसिटरच कित्येक किलोंचा झाला. उरलेली ८० टक्के ऊर्जा उष्णता होते. तीस गोळ्यांनंतर ही सगळी उष्णता दोन किलो तांब्याच्या वेटोळ्यात अडकली तर त्याचं तापमान अडीचशे अंशांनी वाढेल.

आता ही आकडेमोड चित्रात उतरवा. एक तर जवानाच्या पाठीवर कपॅसिटरची पेटी आणि तिथून रायफलला जाणारी जाड केबल दाखवा. केबल झुडपात अडकते, बर्फात कडक होते, बसताना पायाखाली येते. नाहीतर २०७५पर्यंत कपॅसिटर शंभरपट सुधारला असं गृहीत धरा. पण मग त्याच कपॅसिटरनं त्या जगातल्या गाड्या, विमानं आणि घरातली उपकरणंही बदललेली असली पाहिजेत. रायफलपुरताच शोध लागला आणि बाकी जग २०२५चंच राहिलं, हे वाचकाला खटकतं. अमेरिकेच्या नौदलानं जहाजावरच्या रेलगनचा, म्हणजे विद्युतवाहक रुळांनी गोळा फेकणाऱ्या तोफेचा, प्रकल्प अनेक वर्षं चालवून २०२१ साली थांबवला. जहाजावर वीज आणि जागा दोन्ही असून ही गत, तर खांद्यावर काय होईल याचा विचार करा.

तिसरी वाट लेसरची. तिच्याबद्दल थोडक्यात. लेसरचा किरण बाजूनं दिसत नाही, आवाज करत नाही, धक्का देत नाही. धुकं, धूळ आणि आपल्या कोकणातला पाऊस त्याला पार विस्कटून टाकतात. शिवाय माणसाला कायमचं आंधळं करण्यासाठीच बनवलेल्या लेसर शस्त्रांवर १९९५च्या आंतरराष्ट्रीय करारानं बंदी आहे. तुमच्या जगात ती बंदी टिकली की मोडली, हे लिहून ठेवा, कारण त्यावर तुमच्या सैन्याचं चारित्र्य ठरतं.

चौथी वाट हुशार दुर्बिणीची, आणि ती प्रत्यक्षात आलीसुद्धा आहे. अमेरिकेच्या लष्करानं २०२२ साली ६.८ मिमीची नवी रायफल निवडली तेव्हा तिच्यासोबत अंतर मोजून नेमाचा ठिपका हलवणारी दुर्बीणही घेतली. किंमत अशी की काडतूस जड झालं, मॅगझिन तीसऐवजी वीस गोळ्यांचं झालं आणि सैनिकानं अंगावर बाळगायच्या गोळ्या २१०वरून १४०वर आल्या. सत्तर गोळ्या कमी. चकमक लांबली तर तो सैनिक एकेक गोळी मोजेल.

माझ्या लडाखच्या जवानासाठी मी यातली एकही वाट जशीच्या तशी घेत नाही. मी घेतो प्लास्टिकच्या नळकांडीत पूर्ण बुडवलेली गोळी. काडतूस आखूड आणि जाड, गोळीचं टोक बाहेर दिसत नाही, चारी बाजूंनी दारू. असं काडतूस त्याच अमेरिकी स्पर्धेत टेक्स्ट्रॉन कंपनीनं उतरवलं होतं, पण निवड दुसऱ्या रायफलची झाली. हे हलकं असतं, आणि रसद क्वचित येणाऱ्या चौकीवर हलकं असणं म्हणजे जास्त गोळ्या. किंमत काय? प्लास्टिक पितळासारखी उष्णता बाहेर नेत नाही, शिवाय थंडीत ते ठिसूळ होतं. माझी रायफल या दोन दुखण्यांभोवतीच घडणार.

पायरी ३: चार किलोंचं बंधन

पहिल्या महायुद्धातली ली-एनफिल्ड साधारण चार किलोंची. आपली इन्सासही चारच्या आसपास. अमेठीजवळ कोरवा इथे बनणारी एके-२०३ त्याच घरातली. पुण्याच्या एआरडीई या शस्त्र-संशोधन संस्थेनं हैदराबादच्या कंपनीसोबत शंभरपेक्षा कमी दिवसांत उभी करून २०२४च्या जानेवारीत दाखवलेली 'उग्रम' चार किलोंच्या आत. शंभर वर्षांत साहित्य बदललं, लाकूड जाऊन प्लास्टिक आलं, पण आकडा जागचा हलला नाही, कारण माणसाचा खांदा तोच आहे. वाचवलेलं वजन लगेच दुर्बीण, बॅटरी आणि दिवा खाऊन टाकतात.

हे बंधन मोडलं तर काय होतं त्याचा दाखला एक्सएम-२९. अमेरिकेनं ५.५६ मिमी रायफल आणि हवेत फुटणारा २० मिमी गोळा एकाच शस्त्रात आणायचा घाट घातला. नमुना आठ किलोंवर गेला आणि प्रकल्प बंद पडला. चित्रात तो अजूनही फार भविष्यातला दिसतो. म्हणूनच तो जवळ ठेवून बघावा, दिसायला भारी आणि वागवायला जड शस्त्र कसं असतं ते त्यात कळतं.

तुम्हीही चार किलोंचं बजेट कागदावर मांडा. माझ्या रायफलचं असं: नळी आणि चेंबर १.५ किलो, शरीर आणि दस्ता १.२, दुर्बीण बॅटरीसह ०.६, भरलेलं मॅगझिन ०.५, पट्टा आणि किरकोळ ०.२. बेरीज बरोबर ४. नंतर एखादा सुंदर भाग सुचला की विचारायचं, याच्यासाठी कशातून ग्रॅम काढू? नव्वद टक्के सजावट या एका प्रश्नानं गळून पडते, आणि उरते ती शोभते.

पायरी ४: पुठ्ठा कापा

संगणकावर बसण्याआधी फ्रिजच्या खोक्याचा जाड पुठ्ठा आणा आणि रायफलची बाजूची आकृती खऱ्या मापात कापा. एकूण लांबी ७५ ते १०० सेंटिमीटर. दस्त्याच्या टोकापासून ट्रिगरपर्यंत साधारण ३३ सेंटिमीटर, म्हणजे कोपर वाकवून बोट ट्रिगरवर नेताना हात अवघडत नाही. मग तो पुठ्ठा घेऊन पोटावर झोपा. मॅगझिन लांब असेल तर ते जमिनीला टेकतं आणि मान वर काढावी लागते. दाराच्या चौकटीतून वळा. खुर्चीत बसा, जणू ट्रकच्या मागच्या बाकावर बसलाय. उजव्या खांद्यावरून डाव्यावर घ्या. हिवाळी मोजे घालून ट्रिगरच्या कडीत बोट घाला. मला चित्रातल्या चुका स्क्रीनवर कधीच इतक्या लवकर दिसत नाहीत.

या वेळी मोठा निर्णय ठेवणीचा. मॅगझिन ट्रिगरच्या पुढे की मागे? मागे असेल तर त्याला बुलपप म्हणतात. नळी तेवढीच लांब राहून पूर्ण शस्त्र आखूड होतं. ऑस्ट्रियाची स्टायर एयूजी १९७० च्या दशकाच्या शेवटी आली आणि पन्नास वर्षांनीही ती उद्याची वाटते. आपल्या विशेष दलांकडे असलेली इस्राएलची तव्होर याच जातीची. तोटेही आहेत. यंत्रणा गालाशेजारी असते, आवाज आणि वायू तोंडाजवळ, ट्रिगरपासून मागे जाणारी लांब दांडी ढिली लागते, आणि डावखुऱ्याच्या तोंडावर तापलेल्या पुंगळ्या येऊ शकतात. ब्रिटनच्या एसए-८० या बुलपपला सुरुवातीला इतक्या अडचणी आल्या की पुढे ती जर्मन कंपनीकडून दुरुस्त करून घ्यावी लागली.

माझ्या जवानासाठी मी बुलपप नाकारला. जाड कोट आणि छातीवरच्या सामानामुळे मागचं मॅगझिन बदलायला कोपर फार मागे न्यावी लागते. पुठ्ठ्यावर रजई गुंडाळून बघितलं की हे लगेच समजतं. मॅगझिन पुढे, पुंगळी उजवीकडे न फेकता पुढच्या बाजूला खाली टाकणारी खिडकी. त्यामुळे डावखुऱ्यांचा प्रश्न मिटतो आणि खंदकात शेजाऱ्याच्या कॉलरमध्ये गरम प्लास्टिक जात नाही.

पायरी ५: उष्णता कुठून जाते, बिघाड कुठे होतो

नळीवरचे झरोके आणि खाचा सजावट म्हणून काढू नका. प्रत्येक झरोक्याला विचारा, इथे तापतं का? माझ्या रायफलमध्ये प्लास्टिकची पुंगळी उष्णता नेत नाही, म्हणून चेंबरभोवती उभी पाती आहेत, मोटारसायकलच्या इंजिनवर असतात तसली. त्यांच्यावर जाळी, कारण तापलेल्या पात्याला मोजा लागला तर वितळतो. बर्फ पडला की याच पात्यांत तो साचतो, पहिल्या काही गोळ्यांनंतर वितळतो, थांबलं की पुन्हा गोठतो. म्हणून जवान एक जुना टूथब्रश पट्ट्यात खोचून ठेवतो. टूथब्रश चित्रात दिसला पाहिजे.

आता बिघाडांची यादी, निदान तीन. ही पायरी लोक टाळतात, आणि कथेला खरा जीव इथेच येतो. इन्सासचं मॅगझिन अर्धपारदर्शक प्लास्टिकचं केलं होतं, किती गोळ्या उरल्या ते बाहेरून दिसावं म्हणून. कल्पना चांगली. पण १९९९ला कारगिलच्या थंडीत या मॅगझिनना तडे जाण्याच्या तक्रारी आल्या. खिडकीसारखी उपयोगी सोय, आणि तीच कच्ची जागा. तुमच्या रायफलमध्ये अशी जागा कुठे आहे?

माझ्याकडे ती अशी: अतिथंडीत पुंगळीची कड तडकते आणि तुकडा फिरत्या चेंबरमध्ये अडकतो. मग जवान काय करतो? मॅगझिन काढतो, कळ मागे ओढून धरतो, रायफल डावीकडे झुकवून झटका देतो, तुकडा पडलाय का ते बोटानं चाचपतो, मॅगझिन लावतो. ही क्रिया चार वेळा मोठ्यानं वाचा आणि पुठ्ठ्यावर करून बघा. कथेत ती पहिल्यांदा शांतपणे, सरावाच्या मैदानावर दाखवा. दुसऱ्यांदा घाईच्या वेळी एकाच वाक्यात आली तरी वाचकाला सगळं दिसेल.

दुसरा बिघाड बॅटरीचा. लिथियम बॅटरी कडाक्याच्या थंडीत पुरेशी वीज देत नाही आणि शून्याखाली चार्ज केली तर बिघडते. म्हणून सुटी बॅटरी जवानाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला. दुर्बीण विझली तर नळीवर उभी करता येणारी साधी लोखंडी माशी, म्हणजे नेम धरायची खूण, हवीच. शस्त्र विजेवर पूर्ण अवलंबून नसावं असं माझं ठाम मत आहे. तिसरा बिघाड तुम्ही शोधा. तो माणसाच्या चुकीतून येऊ द्या, यंत्राच्या नव्हे.

ताणाखाली माणसाचा नेम चुकतो, ही गोष्टही इथेच जमेला धरा. अमेरिकेनं १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात चार कंपन्यांच्या चार अनोख्या रायफली तपासल्या. त्यात बाणासारख्या सुया मारणाऱ्याही होत्या. अपेक्षा होती की अचूकता सैन्यातल्या नेहमीच्या एम-१६ रायफलच्या दुप्पट व्हावी. एकीलाही ते जमलं नाही. घाबरलेला, धापा टाकणारा माणूस नवी रायफल हातात आली म्हणून स्थिर होत नाही.

पायरी ६: कारखाना, झीज आणि नाव

रायफल कुठेतरी बनते, आणि ते ठिकाण तिच्यावर दिसतं. संरक्षण संशोधनात महाराष्ट्राचा हात मोठा आहे. पाषाणच्या एआरडीईत इन्सासचा आराखडा झाला, खडकी आणि वरणगावला दारूगोळ्याचे कारखाने आहेत. 'अस्मी' ही ९ मिमीची मशीन पिस्तूल याच संस्थेनं महूच्या इन्फंट्री स्कूलसोबत बनवली आणि २०२१मध्ये दाखवली. तिच्यातले ट्रिगरसारखे काही भाग धातूच्या त्रिमितीय छपाईनं घडवले होते. छापलेल्या धातूचा पृष्ठभाग किंचित खरखरीत असतो, घासून गुळगुळीत केलेला असतो तेव्हाच चकाकतो. २०७५च्या रायफलवर हा खरखरीतपणा ठेवा, फक्त हात लागतो तिथे तो झिजून गेलेला दाखवा.

झीज कुठे येते? मॅगझिन घालतात त्या तोंडाच्या कडेला, पट्ट्याच्या कडीखाली, सेफ्टीच्या कळीभोवती आणि जमिनीला टेकणाऱ्या दस्त्याच्या टाचेवर. सगळीकडे सारखे ओरखडे मारले तर ते खोटं दिसतं. दस्त्यावर पांढऱ्या रंगानं रॅकचा नंबर घाला. शस्त्रागारात पन्नास सारख्या रायफली असतात, जवान आपली नंबरानं ओळखतो.

जुन्याचा सांगाडाही वापरा. १९७७च्या 'स्टार वॉर्स'मधल्या पांढऱ्या चिलखतवाल्या सैनिकांची बंदूक ब्रिटिश स्टर्लिंग सबमशीनगनवर भाग चढवून केलेली होती. तीच स्टर्लिंग परवान्यावर कानपूरला बनली आणि कार्बाइन म्हणून आपल्या पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षं राहिली. खरं शस्त्र पाया म्हणून घेतलं की प्रमाण बिघडत नाही. २६/११ला मुंबईत काही पोलिसांच्या हातात .३०३ होती, म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या घडणीची. तुमच्या २०७५मध्येही सगळ्यांकडे नवी रायफल नसेल. मागच्या चौकीवर कोणाकडे तरी जुनी एके-२०३ राहू द्या.

नावं दोन ठेवा. एक कागदावरचं, रुक्ष: रायफल ६.५ मिमी ३ए. दुसरं जवानांनी ठेवलेलं. .३०३ला 'थ्री नॉट थ्री' म्हणणारी माणसं हिला 'साडेसहा' म्हणतील. "साडेसहा घेऊन ये रे," असं हवालदारानं म्हटलं की रायफल पानावर आली.

पायरी ७: आता चित्र

एकाच पानावर डावी आणि उजवी बाजू, वरून दिसणारी आकृती, आणि शेजारी मोजे घातलेला जवान तिला धरून, खऱ्या प्रमाणात. खाली वजनाचं कोष्टक, बिघाडांच्या तीन ओळी आणि काडतुसाचं कापून दाखवलेलं चित्र. ब्लेंडर या संगणकीय सॉफ्टवेअरमध्ये त्रिमितीय प्रतिकृती करायची असेल तर पुठ्ठ्याचा फोटो पार्श्वभूमीला लावून त्याच्यावरच काम करा. रंग आधी करडाच ठेवा. करड्यात ओळखू येत नसेल तर रंग चढवून ती ओळखू येणार नाही. दिवे लावायचेच असतील तर एक, दुर्बिणीच्या आत, फक्त जवानाच्या डोळ्याला दिसेल असा. अंधारात चमकणारी रायफल घेऊन कुठलाही सैनिक चौकीवर उभा राहणार नाही.

आवाजही लिहून ठेवा. प्लास्टिकची पुंगळी दगडावर पडली तर पितळासारखी खणखणत नाही, टपकन आवाज येतो, बर्फात तोही नाही. मॅगझिन बसताना कडक थंडीत दोन टप्प्यांत बसतं, आधी घसरत आणि मग खट्.

कॉस्प्लेसाठी, म्हणजे पात्राचा वेश करून मिरवण्यासाठी, ती फोमची किंवा लाकडाची करणार असाल तर नळीचं टोक भडक नारिंगी ठेवा आणि कार्यक्रमाच्या जागेपर्यंत ती पूर्ण झाकलेल्या पिशवीत न्या. लोकलमध्ये, स्टेशनवर किंवा रस्त्यात फोटोसाठी बाहेर काढू नका. गर्दीला आणि पोलिसांना ती खोटी आहे हे लांबून कळत नाही. प्रवेशद्वारावर आयोजकांना आधी दाखवा, त्यांनी खूण लावून दिली की मग हातात घ्या.